म्हाताऱ्या पेशंटकडे नर्सिंगने कधी नीट बघायला सुरुवात केली

म्हातारा पेशंट पडून राहतो, अंथरूण ओलं करतो, पाठीला जखमा होतात, हे सगळं वयामुळेच होणार असं हॉस्पिटलांत वर्षानुवर्षं धरून चाललेलं होतं, आणि नर्सिंगमधला नीतीचा प्रश्न माझ्या मते नेमका तिथूनच सुरू होतो, कारण एकदा "वय झालंय" म्हटलं की पुढे कोणी बघतच नाही.

इंग्लंडमध्ये 1935 साली डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलला जोडलेल्या जुन्या गरीबखान्याचे वॉर्ड आले, तिथे 714 पेशंट होते, बरेचसे म्हातारे आणि कित्येक जण वर्षानुवर्षं पलंगावरच. त्यांनी एकेकाला तपासलं, वेगवेगळं केलं, उठवलं, चालवलं, आणि बरेच जण चक्क घरी गेले. म्हणजे अनेकांना आजाराने नाही तर वॉर्डाने खिळवून ठेवलेलं होतं! 1943 मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लिहिलं आणि म्हाताऱ्यांच्या उपचारांची वेगळी शाखा हवी असं सांगितलं.

पण मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते डोरीन नॉर्टन या नर्सचं काम. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लंडनच्या वॉर्डांमध्ये म्हाताऱ्या पेशंटच्या शुश्रूषेचा अभ्यास केला, तो 1962 साली आला. तोवर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून पाठ चोळायची, काहीतरी लावायचं अशी पद्धत, आणि जखम झालीच तर सिस्टरची लाज. नॉर्टननी मोजून दाखवलं की वरून काय लावता त्यापेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलणं हेच कामाचं. तब्येत, मानसिक अवस्था, हालचाल, चालणं-फिरणं, लघवी-संडासवरचा ताबा, अशा पाच गोष्टींना 1 ते 4 गुण द्यायचे, बेरीज 14 किंवा कमी आली की पेशंटला धोका. साधा कागद, पण त्याने प्रश्नच बदलला, वय किती याच्याऐवजी आज याला काय हवंय असं विचारलं जाऊ लागलं.

तरी सगळीकडे असं नव्हतं. 1965 साली बार्बरा रॉब लंडनच्या एका मानसोपचार रुग्णालयात ओळखीच्या वृद्ध बाईंना भेटायला गेल्या आणि हादरल्या. म्हाताऱ्या पेशंटचे चष्मे, कवळ्या, ऐकायची यंत्रं काढून घेतलेली असायची. विचार करा, दिसत नाही, चावता येत नाही, ऐकू येत नाही, आणि मग वर "भ्रमिष्ट झालीय" म्हणायचं! रॉबनी 1967 मध्ये पुस्तक काढलं, त्यात खुद्द नर्सेसनी दिलेल्या साक्षी होत्या. नोकरी पणाला लावून बोलल्या त्या. सरकारी चौकशांनी बहुतेक आरोप फेटाळले, पण 1969 मध्ये कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमध्ये पेशंटना दिलेल्या वाईट वागणुकीच्या चौकशीचा अहवाल आला तेव्हा असे प्रकार खरंच होतात हे नाकारणं अवघड झालं, आणि मग हॉस्पिटलांवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली.

त्याच दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नेथन कोगन यांनी 1961 मध्ये म्हाताऱ्यांबद्दलचा दृष्टिकोन मोजायची 34 विधानांची प्रश्नावली केली, अर्धी चांगली अर्धी वाईट, ती आजही नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून भरून घेतली जाते.

आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढचे 10 कोटींवर होते, वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच सुमारास सुरू झाला. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष टीचिंग हॉस्पिटलात 3 पेशंटमागे 1 नर्स आणि साध्या हॉस्पिटलात 5 मागे 1 असा आहे. सरकारी मेडिसिन वॉर्डात नाईट ड्यूटीला कोणीही जाऊन बघावं, पेशंट खालीसुद्धा झोपलेले असतात आणि सिस्टर एक नाहीतर दोन, त्यात आजोबांची कूस दर दोन तासांनी कोण बदलणार, म्हणून तर ती नातेवाइकांवर येते आणि ज्यांचं कोणी नाही ते तसेच राहतात. अशा वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात दृष्टिकोनाची प्रश्नावली देताना तिच्याकडे त्या रात्री किती पेशंट होते हेही शेजारी लिहायला हवं.