पुनर्वापराच्या रॉकेटवरून पृथ्वी-निरीक्षण उपग्रह पाठवायचाय? अर्ज नेमके कुठे अडतात ते आधी वाचा

रॉकेटवर जागा मिळवणं हे आता या सगळ्यातलं सर्वांत सोपं काम आहे. फाल्कन ९ चा उडून आलेला पहिला टप्पा मार्च २०१७ मध्ये पहिल्यांदा पुन्हा उडाला. आज काही बूस्टर (म्हणजे हेच पहिले टप्पे) तीसहून जास्त वेळा जाऊन आले आहेत. अनेकांचे उपग्रह एकत्र नेणारी सामायिक उड्डाणं वर्षातून बऱ्याचदा होतात. जानेवारी २०२१ च्या ट्रान्सपोर्टर-१ मधून तर एकाच वेळी १४३ उपग्रह गेले. त्यामुळे लोक आधी जागा आरक्षित करतात, हप्ता भरतात आणि मग परवान्यांकडे वळतात. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

उड्डाणाचा करार म्हणजे परवाना नव्हे. परवान्याची प्रत दिली नाही तर उपग्रह रॉकेटवर चढत नाही आणि रॉकेट कुणासाठी थांबत नाही. तुमच्या जागी तेवढ्याच वजनाचा ठोकळा बसवून उड्डाण उरकता येतं. ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीचे चार चिमुकले उपग्रह, परवानगी नाकारलेली असतानाही, कक्षेत गेले. इतक्या लहान वस्तूंवर रडारने नीट लक्ष ठेवता येणार नाही, म्हणून ती नाकारली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीला ९ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हापासून उड्डाण कंपन्या कागद आधी मागतात.

अर्ज कोण करू शकतो

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या सहाव्या कलमानुसार खासगी संस्थेच्या अंतराळातल्या कामाला परवानगी देण्याची आणि त्यावर सतत देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्या देशाची असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर भरपाईही देशालाच द्यावी लागते. म्हणून तुमचा अर्ज नेहमी तुमच्या देशाच्या नियामकाकडे जातो (भारतात इन-स्पेस, अमेरिकेत दूरसंवेदनासाठी, म्हणजे अंतराळातून पृथ्वीच्या चित्रणासाठी, एनओएए). आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे, म्हणजे आयटीयूकडे, कंपनीला थेट अर्ज करता येत नाही. तरीही दरवर्षी लोक आयटीयूच्या जिनिव्हातल्या मुख्यालयाला पत्रं पाठवून उत्तराची वाट बघत बसतात.

नोंदणी एका देशात आणि नियंत्रण कक्ष दुसऱ्या देशात असेल तर दोन्ही देशांना आधीच लेखी विचारा. दोघांनीही ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हटलं, तर ती दोन्ही पत्रं फाइलला लावा. पुढे त्यांचाच आधार होतो.

फ्रिक्वेन्सी: सर्वांत जास्त वेळ इथे जातो

आज्ञा पाठवायला बहुधा २०२५ ते २११० मेगाहर्ट्झ, उपग्रहाची प्रकृती कळवायला २२०० ते २२९० आणि छायाचित्रं उतरवायला ८०२५ ते ८४०० हा पट्टा वापरतात. तुमचं सरकार आयटीयूकडे आगाऊ प्रकाशनाची माहिती, म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी वापरणार याची पूर्वसूचना, पाठवतं. ती प्रसिद्ध झाली की इतर देशांना हरकती घ्यायला चार महिने मिळतात. त्यानंतर अधिसूचना, म्हणजे फ्रिक्वेन्सीची पक्की नोंद करण्यासाठीचे कागद.

मुदतीबद्दलचा गैरसमज फार महागात पडतो. ‘सात वर्षं’ हा आकडा वाचून लोक निर्धास्त होतात. ती सात वर्षं म्हणजे माहिती पोहोचल्यापासून फ्रिक्वेन्सी प्रत्यक्ष वापरात आणण्याची शेवटची सीमा आहे. कागद कधी पाठवायचे याच्याशी तिचा संबंध नाही. माहिती वापराच्या किमान दोन वर्षं आधी जावी, अशी अपेक्षा असते. उड्डाणाला सहा महिने उरले असताना फाइल उघडली, तर आयटीयूचे चार महिने आणि तुमच्या मंत्रालयाच्या टेबलावरचे महिने यांची बेरीज जमत नाही.

दुसरा सापळा अल्पमुदतीच्या मोहिमेचा. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने लहान मोहिमांसाठी सुटसुटीत मार्ग ठेवला आहे. तो दहापेक्षा जास्त उपग्रहांना चालत नाही आणि वापर सुरू झाल्यापासून जास्तीत जास्त तीन वर्षंच टिकतो. मुदतवाढ नाही. ग्राहकांना पाच वर्षांची छायाचित्रं विकण्याचा करार केलेल्यांनी हा मार्ग घेऊ नये. चौथ्या वर्षी उपग्रह ठणठणीत असेल, पण त्याला बोलायची परवानगी नसेल.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे आणि परत आलेल्या फाइलींत हमखास दिसते. ८४०० च्या लगेच वर, ८४५० पर्यंत, दूरच्या अंतराळयानांचे अत्यंत क्षीण संदेश येतात. तुमचा डाउनलिंक (चित्रं जमिनीवर उतरवणारा संदेश) वरच्या काठाला चिकटलेला असेल तर शेजारच्या पट्ट्यात किती गळती होते याचं गणित आणि फिल्टरचा मोजलेला आलेख मागितला जातो. ट्रान्समीटर विकणाऱ्याचं माहितीपत्रक त्यासाठी चालत नाही. मध्य-फ्रिक्वेन्सी थोडी खाली घेतली तर हा प्रश्न बहुतेक वेळा उद्भवतच नाही.

भूस्थानक भाड्याने घेणार असाल तर ‘आमच्याकडे परवाना आहे’ या उत्तरावर थांबू नका. त्या परवान्यात तुमच्या उपग्रहाचं नाव आहे का, ते विचारा. बऱ्याच देशांत प्रत्येक उपग्रहासाठी वेगळी भर घालावी लागते. आणि हौशी रेडिओचे पट्टे व्यावसायिक छायाचित्रांसाठी नाहीत. विद्यापीठाचा उपग्रह म्हणून अर्ज करून चित्रं भागीदार कंपनीला द्यायचा बेत असेल तर तो सोडा.

दूरसंवेदनाचा परवाना

इथे नियामक विचारतो: किती बारीक दिसतं, कोणत्या पट्ट्यांत, चित्रं कुणाला देणार, आज्ञा आणि डेटा सांकेतिक आहे का, सरकारने सांगितलं तर चित्रण थांबवता येतं का.

बारीकपणाच्या रकान्यात चुका होतात. ५२५ किलोमीटरवरून एका पिक्सेलला जमिनीवरचा १ मीटर येतो, म्हणून अर्जदार ‘१ मीटर’ लिहितो. पण उपग्रह हळूहळू खाली येतो. तोच कॅमेरा ४०० किलोमीटरवरून साधारण ०.७६ मीटरचं चित्र देतो. नियामकाला संपूर्ण आयुष्यातली सर्वोत्तम क्षमता हवी असते, सुरुवातीची नव्हे. दोन्ही उंचींचे आकडे आणि ‘अमुक उंचीखाली चित्रण बंद’ किंवा ‘चालू’ असं स्पष्ट वाक्य द्या. खाली येण्याच्या काळातल्या चित्रणाबद्दल गप्प बसलेला अर्ज हमखास प्रश्नावली घेऊन परत येतो. व्हिडिओ घेणार असाल, किंवा कॅमेरा वळवून दुसऱ्या उपग्रहांचं चित्रण करणार असाल, तर तेही वेगळं लिहा.

सामायिक उड्डाणात कक्षा उड्डाण कंपनी ठरवते. बहुधा ती ५०० ते ६०० किलोमीटरची सूर्यसमकालिक कक्षा असते, म्हणजे उपग्रह विषुववृत्त दरवेळी त्याच स्थानिक वेळेला ओलांडतो; विषुववृत्ताशी कल ९७.५ अंशांच्या आसपास. विषुववृत्त किती वाजता ओलांडायचं हेही तुमच्या हातात नसतं. सकाळच्या साडेदहाच्या उजेडावर बेतलेला कॅमेरा असेल तर ती वेळ करारात लिहून घ्या. अर्जातही तीच वेळ हवी.

कचऱ्याचा अहवाल

निकामी उपग्रह अंतराळात कचरा म्हणून राहू नये, यासाठी मोहीम संपल्यापासून कक्षेतून बाहेर पडण्याची मर्यादा वर्षानुवर्षं २५ वर्षांची होती. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, सप्टेंबर २०२२ मध्ये ही मर्यादा पाच वर्षांवर आणली. अमेरिकेतल्या भूस्थानकावर चित्रं उतरवायची असतील तर परदेशी उपग्रहालाही हे प्रश्न विचारले जातात.

कक्षेतलं आयुष्य मोजायला बहुतेक जण नासाचं मोफत डीएएस सॉफ्टवेअर वापरतात. त्यात क्षेत्रफळ भरताना सोलार पॅनेल उघडलेले आणि सपाट बाजू पुढे, असा सोयीचा आकडा टाकू नका. तपासणारे कोलांट्या खात फिरणाऱ्या उपग्रहाचं सरासरी क्षेत्रफळ काढतात, शिवाय पॅनेल उघडलेच नाहीत तर काय, हेही विचारतात. करारात उंची ‘इतकी ते इतकी’ अशी दिली असेल तर त्यातली वरची धरा. थ्रस्टरच्या भरवशावर पाच वर्षांत बसत असाल तर थ्रस्टर निकामी झाल्यावर किती वर्षं, हा आकडाही आधीच द्या.

जळून न जाणारे तुकडे ही पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांची खास डोकेदुखी. जमिनीवर कुणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी हवी, आणि १५ ज्यूलहून जास्त ऊर्जेने पडणारा प्रत्येक तुकडा त्यात धरला जातो. आपल्या उपग्रहाकडे एकदा याच नजरेने बघा. सिलिकॉन कार्बाइडचा किंवा काच-सिरॅमिकचा आरसा, दुर्बिणीचे टायटॅनियमचे आधार, रिॲक्शन व्हीलमधलं (उपग्रह वळवणाऱ्या यंत्रणेतलं) स्टीलचं चाक, वजन जुळवायला घातलेला टंगस्टनचा तुकडा. ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळून जातो, हे उरतात. ‘दुर्बीण, ६ किलो’ अशी एक ओळ भरली तर अहवाल परत येतो. भाग सुटे करून, प्रत्येकाचा पदार्थ, आकार आणि वजन लिहा.

शेवटी बॅटरी रिकामी करणं, चार्जिंगची जोडणी तोडणं आणि टाकीतला दाब सोडणं, यांची योजना एका परिच्छेदात.

उड्डाण कंपनीला द्यायचे कागद

मितीय आराखडा, संरचनेचं गणिती प्रारूप, कंपन-चाचणीचे निकाल, सुरक्षा अहवाल. हे कंपनीच्या पुस्तिकेत नीट दिलेलं असतं. ठरल्या तारखांना द्या.

वजनाबाबत मात्र ढिलाई नको. परतीसाठी इंधन राखणाऱ्या रॉकेटवर वजनाचा हिशेब आधीच बांधलेला असतो. करार, फ्रिक्वेन्सीचा अर्ज, कचऱ्याचा अहवाल आणि शेवटचं प्रत्यक्ष वजन, चारही ठिकाणी एकच आकडा हवा. उशिरा बॅटरी बदलली आणि दीड किलो वाढलं, तर चारही कागद त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवा.

‘प्रक्षेपक’ या रकान्यात रॉकेटचा प्रकार लिहा, बूस्टरचा क्रमांक नको. कोणता बूस्टर उडणार हे शेवटपर्यंत बदलू शकतं. विमा कंपनीने बूस्टरच्या आधीच्या फेऱ्या विचारल्या तर उड्डाण कंपनीकडून पत्र घ्या, पण पॉलिसीत क्रमांक अडकवू नका.

अमेरिकेतून उडणार असाल तर एफएएची (तिथल्या हवाई वाहतूक नियामकाची) पेलोड तपासणी, म्हणजे रॉकेटवरून जाणाऱ्या उपग्रहाची तपासणी, लागते. एफसीसी किंवा एनओएएच्या अखत्यारीत न येणाऱ्या परदेशी उपग्रहांवर तिचा भर असतो. अर्ज बहुधा उड्डाण कंपनी करते, माहिती तुमची: मालक, चालक, वजन-माप, घातक पदार्थ, कक्षा, सांकेतिकरण. रॉकेटचा परवाना मात्र वेगळा असतो. तो आपला समजून कुणी जोडू नये.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: बॅटरीचा यूएन ३८.३ चाचणी-सारांश, म्हणजे बॅटरी वाहतुकीत सुरक्षित असल्याच्या चाचण्यांचा गोषवारा. लिथियम बॅटरी विमानाने न्यायची तर तो लागतोच. अर्जदार सेलच्या उत्पादकाचा सारांश आणतात आणि विमानतळावर माल अडकतो. कारण सेल तपासलेला असतो, पण आठ सेल जोडून तुम्ही बनवलेला संच तपासलेला नसतो. नियमाच्या दृष्टीने तो नवी बॅटरी आहे. मोजक्या संख्येच्या किंवा नमुना बॅटऱ्यांसाठी सवलत आहे, पण विमान-वाहतुकीसाठी माल जिथून निघतो त्या देशाच्या प्राधिकरणाची लेखी मंजुरी लागते, आणि ती आठवड्याभरात मिळत नाही. तयार तपासलेला संच घेणं परवडत असेल तर तोच घ्या. सुटी बॅटरी पाठवत असाल तर चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको.

सीमाशुल्कासाठी दोन याद्या करा. एकीत उपग्रह, तो परत येणार नाही. दुसरीत चाचणी-यंत्रं आणि पेट्या, त्या परत येतील. एकाच यादीत घातलं की परतीच्या वेळी ‘मुख्य वस्तू कुठे गेली’ हे समजावण्यात दिवस जातात.

उड्डाणाच्या आसपास

उड्डाणापूर्वीच स्पेस-ट्रॅकवर (कक्षेतल्या वस्तूंचा माग ठेवणारं अमेरिकी संकेतस्थळ) चालक म्हणून नोंद करा आणि रात्री उचलला जाईल असा फोन द्या. शंभरावर वस्तू एकदम सुटल्या की कोणती आपली हे कळायला वेळ लागतो, त्यामुळे विलग होण्याची वेळ आणि अपेक्षित कक्षा आधीच कळवलेली बरी.

कक्षेत पोहोचल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या नोंदवहीत नोंद तुमचं सरकार करतं. त्यासाठी परिभ्रमणाचा काळ, कल, सर्वांत दूरची आणि जवळची उंची आणि उपग्रहाचं सर्वसाधारण काम, एवढी माहिती स्वतःहून पाठवा. विचारणा येईल म्हणून थांबू नका, बहुतेकदा ती येत नाही. फ्रिक्वेन्सी वापरात आणल्याची तारीखही त्याच पत्रात कळवा, म्हणजे सरकार ती सात वर्षांच्या आत आयटीयूपर्यंत पोहोचवू शकेल.