पाकीटमारी आणि पाच हजारांची रेघ

नवरात्रात नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, सप्तशृंगी गडाची बस लागली की दारापाशी रेटारेटी होते, आणि हात मारला जातो तो तिथेच. एक जण पायरीवर उगाच अडतो, दुसरा मागून रेटतो, तिसरा ब्लेडने पर्सचा तळ चिरतो. माल लगेच चौथ्याकडे जातो. त्यामुळे कुणी सापडलाच तर त्याच्या खिशात काही मिळत नाही.

इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो 1952 मध्ये रद्द झाला, पण जत्रेत भटक्यांची पालं दिसली की आधी तिथेच चौकशी करायची पोलिसांची खोड राहिली. नाशिकच्या 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक दगावले. साहजिकच 2015 चं नियोजन गर्दी हलती ठेवण्याभोवती फिरलं. खिसे ज्याचे त्याने सांभाळायचे होते. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तशी बसच्या दारातली गर्दी वाढली.

खरा घोळ 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यानंतरचा. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 379 मध्ये चोरी शंभराची असो वा लाखाची, गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत. आता पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. किरकोळ प्रकरणांचा भार हलका होतो, ही बाजू खोटी नाही. पण मंगळसूत्र वा पोत ही रेघ सहज ओलांडते. पाकीट बहुधा तिच्या अलीकडेच राहतं. जुन्या मोबाइलचं काय? किंमत खरेदीची धरायची की आजची, यावर ठाण्यातल्या टेबलाशी घासाघीस होते, आणि मग ‘गहाळ’ लिहून द्या म्हणणं पोलीस आणि तक्रारदार दोघांनाही सोयीचं पडतं.

त्याच संहितेत कलम 112 आहे. त्यात पाकीटमारी नावानिशी आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षं. मात्र ते टोळीसाठी. टोळी सिद्ध करायला बाकीचे तिघे सापडायला हवेत, आणि ते शोधायला आधी तपास हवा. 2027 च्या सिंहस्थातल्या स्नानांना रामकुंडावर दोन हजारांचं पाकीट गेलेला परगावचा भाविक आदेशाची वाट पाहत नाशकात मुक्काम ठोकेल, असं कोण धरून चाललंय?