रिलॅक्सर सोडला, म्हणजे इस्त्री निर्धोक?

‘केमिकल नाही, नुसती उष्णता, केस धुतले की कुरळेपणा परत येतोच’ हा केसांच्या इस्त्रीबद्दलचा (स्ट्रेटनरबद्दलचा) समज अर्धाच खरा आहे. रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारं केमिकल, केसाला आकार देणारे पक्के डायसल्फाइड बंध कायमचे तोडतो. इस्त्री केसातले कच्चे, हायड्रोजन बंध सैल करते आणि पाणी लागताच ते पुन्हा जुळतात. पण तापमान २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की केरॅटिनची, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याची, घडणच बिघडू लागते. मग धुतल्यावरही बट सरळच लोंबते आणि मास्क, तेल, प्रोटीन यांपैकी काहीच ती वळवत नाही. तेवढा भाग कापावाच लागतो.

ओल्या केसांना तर त्याहून कमी उष्णताही बाधते. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात आणि तिथेच तो तुटतो. म्हणून केस पूर्ण वाळवा, हीट प्रोटेक्टंट (झळ कमी करणारा स्प्रे किंवा क्रीम) लावून तेही सुकू द्या. बारीक बटा घ्या, १५०-१८० अंशांवर इस्त्री एकदाच सावकाश फिरवा. चर्र आवाज आला तर लगेच थांबा. प्रोटेक्टंट झळ कमी करतो, थोपवत नाही.

जुना रिलॅक्स केलेला भाग अजून असेल, तर नव्या-जुन्याच्या सांध्यावर कंगवा हळू चालवा; केस सर्वात आधी तिथेच तुटतात.