ऑपरेशनआधीचं एक इंजेक्शन आणि नंतरचा पाच दिवसांचा कोर्स

हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडतं, दुसऱ्या दिवशी रजा मिळते आणि रजेच्या कागदावर दुखण्याच्या गोळ्यांपलीकडे काहीच नसतं. मग घरचं कुणीतरी कागद घेऊन परत येतं. "सिस्टर, अँटिबायोटिक लिहायचं राहिलं का? शेजारच्या काकांना तर पाच दिवस दिलं होतं." मी बडोद्यात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. हा प्रश्न मला मराठीत, गुजरातीत आणि निम्म्या निम्म्या दोन्हींत सतत ऐकू येतो. राहिलेलं बहुधा काही नसतं. त्यांच्या माणसाला अँटिबायोटिक मिळालेलं असतं, पण थिएटरच्या दाराआड, आणि ते कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

औषध एकच असू शकतं, पण कामं दोन आहेत. एक म्हणजे चीर देण्याआधी दिलेला बचावाचा डोस. दुसरं म्हणजे जंतुसंसर्ग झालेलाच आहे म्हणून दिलेला उपचाराचा कोर्स. पहिल्यात सगळं वेळेवर अवलंबून असतं. दुसऱ्यात कोणते जंतू आहेत, पू कुठे आहे आणि औषध किती दिवस चालवायचं, हे बघावं लागतं. या दोघांची सरमिसळ झाली की तिसराच प्रकार जन्माला येतो: टाके घातल्यानंतर, संसर्ग नसताना, "असू द्या, सेफ राहील" म्हणून चालू ठेवलेल्या गोळ्या. त्यातून बचावही होत नाही आणि उपचारही होत नाही.

बचावाचा डोस कसा दिला जातो, ते आधी सांगते, कारण नातेवाइकांना दिसत नाही ते हेच. बऱ्याच ऑपरेशनांसाठी सेफाझोलिन वापरतात. छोट्या बाटलीत पांढरी पूड असते. त्यात इंजेक्शनचं पाणी सोडायचं, एकही कण राहू नये इतकी हलवायची आणि मग तीन ते पाच मिनिटं लावून सावकाश शिरेतून द्यायची. मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. दिल्याची वेळ भूलतज्ज्ञांच्या कागदावर मिनिटासकट लिहिली जाते. चीर देण्याआधी सगळे हात थांबतात, रुग्णाचं नाव, ऑपरेशन आणि जागा मोठ्याने म्हटली जाते, आणि त्यातच विचारलं जातं: गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ मुद्द्यांच्या सुरक्षा यादीत आहे. ही यादी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत वापरून पाहिली गेली. २००९ साली निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतींचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. त्याचं श्रेय एकट्या इंजेक्शनला नाही, सगळ्या यादीला आहे. पण तो प्रश्न विचारताना मी कधी घाई करत नाही आणि कुणाला करू देत नाही.

वेळेला इतकं महत्त्व का? चीर पडते त्या क्षणी कातडीवरचे जंतू आत शिरू शकतात. त्या वेळी रक्तात आणि मांसपेशींत औषध पुरेसं भिनलेलं हवं. १९६१ साली जॉन बर्क यांनी गिनिपिगच्या कातडीत जंतू टोचून हे दाखवलं होतं. औषध आधीच शरीरात असेल तर जखम जवळजवळ चिघळायचीच नाही. जंतू शिरून तीन तास झाल्यावर दिलं तर न दिल्यासारखंच. माणसांच्या बाबतीत १९९२ साली अमेरिकेतल्या २८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. चिरेआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग ०.६ टक्के होता. चीर दिल्यावर तीन तासांहून उशिरा मिळालेल्यांत तो ३.३ टक्के होता. फार लवकर दिलेल्यांचंही बरं नव्हतं, त्यांच्यात ३.८ टक्के. म्हणजे "वॉर्डातच सकाळी देऊन टाका" हेही चालत नाही. वॉर्डात दिलं आणि आधीची केस लांबली, तर औषध उतरणीला लागलेलं असताना चीर पडते.

याच कारणाने गुडघा बदलताना मांडीचा पट्टा फुगवून रक्त थांबवण्याआधी पूर्ण डोस आत गेलेला असावा लागतो. पट्टा फुगल्यावर दिलेलं औषध गुडघ्यापर्यंत पोचणार कसं? सिझेरियनमध्ये पूर्वी बाळाची नाळ कापेपर्यंत थांबायचे, आता चिरेआधीच देतात. ऑपरेशन चार तासांहून लांबलं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं, तर सेफाझोलिन टेबलावरच पुन्हा द्यावं लागतं. हा दुसरा डोस कामाच्या गडबडीत विसरला जाऊ शकतो, म्हणून कुणीतरी घड्याळ बघणारं हवं.

टाके पडले की मात्र बचावाच्या डोसाचं काम संपतं. ऑपरेशन झाल्यावर तो पुढे लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये ठामपणे सांगितलं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये पुढे जाऊन म्हटलं की स्वच्छ, म्हणजे आधीपासून संसर्ग नसलेल्या, ऑपरेशनात ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवलेला असला तरी टाके घातल्यानंतर जादा डोस नको. "नळी आहे तोवर अँटिबायोटिक" हे वाक्य आपल्याकडे अजून ऐकू येतं, आणि मला त्याचा त्रास होतो, कारण फुकटचं औषध निरुपद्रवी नसतं. अमेरिकेतल्या ७९ हजारांहून जास्त माजी सैनिकांच्या ऑपरेशनांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. बचावाचं औषध लांबवून जखमेचा संसर्ग काही कमी झाला नाही. किडनीला इजा आणि आतड्याचा वाईट जुलाब मात्र दिवसागणिक वाढला. शिवाय मागे उरतात ते औषधाला दाद न देणारे जंतू. पुढे कधी खरोखर उपचार लागले तर गाठ त्यांच्याशी पडते.

आता उपचाराचा कोर्स. अपेंडिक्स पोटात फुटलं, मधुमेही पायात पू झाला, आतडं फाटून घाण पसरली, तर तिथे ऑपरेशनआधीच संसर्ग आहे. तिथे एक डोस देऊन थांबणं धोक्याचं. अशा रुग्णाला टाके पडल्यानंतरही औषध चालू राहतं, शक्य तिथे पुवाचा नमुना कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते लॅबमध्ये वाढवून बघायला, जातो आणि रिपोर्ट पाहून औषध बदलतात. इथेही जितकं जास्त तितकं चांगलं असं नाही. पोटातल्या संसर्गात घाण नीट काढल्यावर साधारण चार दिवसांचं औषध आठवडाभराच्या औषधाइतकंच काम करतं, असं २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. त्यामुळे शेजारच्या काकांना पाच दिवस मिळालं, तर त्यांचं अपेंडिक्स फुटलेलं होतं का, हे आधी विचारावं. दोघांच्या पोटावर टाके सारखेच दिसतात, पण आतली गोष्ट वेगळी असते.

कागदावर अँटिबायोटिक लिहिलेलं असेल तर हे वाचून ते आपल्या मनाने बंद करू नका. फक्त विचारा: "डॉक्टर, हे बचावासाठी आहे की संसर्ग झाला आहे म्हणून? आणि कधी थांबवायचं?" तसंच, लिहिलेलं नसेल तर रावपुऱ्यातल्या मेडिकलवरून जुनी चिठ्ठी दाखवून आणू नका.

जखम चिघळू नये म्हणून खरंच काही करायची तळमळ असेल, तर ती ऑपरेशनच्या आधी दाखवा. आदल्या रात्री घरी रेझरने पोट किंवा मांडी साफ करून येऊ नका. बारीक ओरखड्यांत जंतू घर करतात. केस काढायचेच असतील तर आम्ही क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, काढतो. साबणाने अंघोळ करा, साखर ताब्यात ठेवा, विडी-सिगारेट महिनाभर आधी सोडा. पूर्वी कुठल्या अँटिबायोटिकने अंगावर पित्त उठलं असेल, श्वास अडकला असेल, तर ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्यावरून इंजेक्शन बदलतं.

घरी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप बहुतेक वेळा जखमेचा नसतो. दुखणं कमी होत होत पुन्हा वाढलं, टाक्यांभोवतीची लाली पसरायला लागली, जागा गरम आणि कडक लागली, पिवळं किंवा वास येणारं पाणी आलं, थंडी वाजून ताप आला, तर फोनवर औषध विचारू नका, जखम दाखवायला या. साध्या ऑपरेशननंतर ३० दिवस लक्ष ठेवा. गुडघ्यात सांधा, हाडात प्लेट किंवा पोटात जाळी बसवली असेल तर ९० दिवस.