कारखान्याच्या आवाजाने गेलेले कान: अर्ज नेमका कुठे अडतो

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या फौंड्रीत फेटलिंगवर (ओतीव भाग घासून साफ करण्यावर) आयुष्य काढलेल्यांना ऐकायला कमी येते, हे डॉक्टरलाही लगेच कळते. भरपाईचा अर्ज परत येतो तो दुसऱ्याच प्रश्नावर: कान कामामुळेच गेले कशावरून?

भरपाईच्या कायद्याच्या यादीत आवाजाने आलेला बहिरेपणा हा व्यावसायिक (कामामुळे होणारा) रोग आहे. अशा कामावर सलग सहा महिने झाले असतील, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो कामामुळेच झाला असे धरतात. म्हणजे सहा महिन्यांचा पुरावा हवा, आणि ठेकेदाराच्या माणसाकडे नेमका तोच नसतो. नेमणूकपत्र मागत बसू नका. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) वर्गणीचा तपशील, पगाराच्या पावत्या, गेटपास जोडा. कामावर घेताना झालेली कानांची तपासणी कारखान्याकडे लेखी मागा. ती बहुधा केलेलीच नसते, पण तुमचे मागणीपत्र फाइलला राहते.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, शिफ्ट सुटल्यावर काढू नका. आवाजातून आलेला कान काही तास तात्पुरता बधिर असतो. तो अहवाल धरत नाहीत. किमान सोळा तास शांततेत गेलेले हवेत, म्हणून सुट्टीचा दिवस धरा. आधी कानातला मळ काढून घ्या. तपासणी हवेतून आणि हाडातून अशी दोन्ही मागा. आवाजाचा मार साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास, दोन्ही कानांच्या आलेखात सारखा खड्डा पाडतो. एकच कान गेला असेल तर प्रश्न विचारले जाणारच.

पुष्कळजण अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन येतात. त्यावर किती टक्के ते असते, कशामुळे ते नसते. शिवाय त्यासाठी दोन्ही कानांत निदान 60 डेसिबलची घट लागते. भरपाईचा दावा त्याच्यावाचूनही करता येतो.

ईएसआय असेल तर निर्णय खास वैद्यकीय मंडळाचा. मग मालकावर वेगळा भरपाई दावा चालत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून महिने घालवू नका, बाबांनो. ईएसआय नसेल तर दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. कान गेले तरी कामावर जात असाल, तर ती बहिरेपणा सुरू झाल्यापासून मोजत नाहीत. तुम्ही मालकाला लेखी कळवल्याच्या दिवसापासून मोजतात. 'आता उशीर झाला' म्हणून घरी बसलेले कितीतरी जण अजून मुदतीत असतात. सुपरवायझर कागद घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा.

शाळेच्या दाखल्यावरचे मराठी नाव आणि आधारवरचे कन्नड-इंग्रजी नाव जुळते का, तेही अर्जाआधीच पाहा.