साहेबांच्या दुकानांच्या इमारती कुणाच्या हाती गेल्या?

मुंबईत फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी मार्गावर खादी भांडारची जी भव्य इमारत आहे, ती मुळात 'व्हाइटअवे लेडलॉ' या इंग्रजी पेढीचं दुकान होती. विलायती कापड, बूट, टोप्या आणि घरसामान जिथं विकलं जायचं, तिथं पुढं खादी विकली गेली. हा योगायोग सांगताना प्रत्येक जण खुलतो, आणि गांधींनी साहेबाची गादी पटकावली असं एखादं वाक्यही हमखास येतं. इमारतीचे कागद मात्र वेगळं सांगतात. खादी संस्थेच्या पत्त्यात या वास्तूचं नाव 'मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउस' असं आहे. म्हणजे साहेब आणि खादी यांच्या मधे एक विमा कंपनी उभी आहे, आणि या इमारतींचं पुढं काय झालं याचं बरंचसं उत्तर तिच्यापाशी मिळतं.

आधी ही दुकानं आली कुठून ते पाहू. फोर्टची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागेत हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, रुंद झाला. १८९६ मध्ये सरकारनं नियम केला की या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींचा आच्छादित पादचारी मार्ग हवा. वरचे मजले मालकानं हव्या त्या शैलीत चढवावेत, खालची कमान मात्र सोडायची नाही. दुकानदारांना हे पथ्यावरच पडलं. पावसाळ्यातही गिऱ्हाईक छत्री मिटून काचेतला माल बघत उभं राहू शकत होतं.

व्हाइटअवे लेडलॉ १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली. तिचे संस्थापक रॉबर्ट लेडलॉ पुढं ब्रिटिश पार्लमेंटचे सभासदही झाले. पेढीचा खाक्या एकच: रोख पैसे, उधारी बंद. साहेबलोकांना चिठ्ठीवर सही करून महिन्याअखेर हिशेब चुकवायची सवय होती, त्यामुळे याची थट्टाही व्हायची. गाव-तालुक्याच्या ठिकाणी राहणारे अधिकारी कॅटलॉग पाहून टपालानं माल मागवत. 'आर्मी अँड नेव्ही' या दुसऱ्या विलायती दुकानाची तऱ्हा निराळी होती. लंडनमध्ये १८७१ मध्ये लष्करी आणि नौदल अधिकाऱ्यांनी घाऊक भावात दारू मिळावी म्हणून काढलेली ती सहकारी संस्था. सुरुवातीला खरेदीचा हक्क फक्त सभासदांना होता. मुंबईत काळा घोड्याजवळ तिची नव-अभिजात शैलीतली इमारत १८९० च्या दशकात उभी राहिली.

याला देशी उत्तर १९०६ मध्ये आलं. लोकमान्य टिळक आणि इतरांच्या पुढाकारानं 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स' निघालं. तेच पुढं 'द बॉम्बे स्टोअर' झालं. विलायती दुकानाला शह द्यायचा तर आपलंही दुकान त्याच थाटाचं हवं, हे टिळकांच्या पिढीनं नेमकं ओळखलं होतं. १९३० मध्ये शहरभर विदेशी कापडावर निदर्शनं झाली, त्यात बायका पुढं होत्या. तरी एकट्या बहिष्कारानं ही दुकानं बसली नाहीत. त्यांचं गिऱ्हाईकच १९४७ नंतर बोटीनं निघून गेलं.

आता प्रश्न आला रिकाम्या मजल्यांचा. डिपार्टमेंट स्टोअरची इमारत भलतीच अडचणीची असते: उंच छत, मोजके खांब, भिंती जवळपास नाहीत. राहायला निरुपयोगी, ऑफिसला लाकडी पार्टिशनं ठोकावी लागतात. विमा कंपन्यांना मात्र अशी मोक्याची, भाड्याचं उत्पन्न देणारी मालमत्ता हवीच होती. कलकत्त्यात चौरंगीवरची व्हाइटअवेची घुमटाची इमारतही याच वाटेनं गेली. तिला आज मेट्रोपॉलिटन बिल्डिंग म्हणतात. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी स्थापन झाली, दोनशेहून अधिक विमा व्यवसाय तिच्यात विलीन झाले आणि चौरंगीची ती वास्तू एलआयसीकडे आली. पुढं बऱ्याच वर्षांनी तिची डागडुजी झाली आणि तळमजल्यावर पुन्हा बाजार भरला, या वेळी बिग बझारचा.

मुंबईत त्यात भाडेनियंत्रणाची भर पडली. १९४७ च्या कायद्यानं भाडं १९४० च्या पातळीला बांधलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू हलेना आणि पाडापाडीही कुणाला सुचेना. वारसा जपला गेला त्यात कौतुकाइतकाच या कोंडीचाही वाटा आहे, असं माझं मत. वारसा नियमावली आली ती थेट १९९५ मध्ये. हॉर्नबी रोडच्या कमानी झाकणाऱ्या पाट्या हटवून त्या कमानीच्या मापात बसवण्याचं काम त्यानंतर झालं. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली.

खादीचं दुकान १९५४ पासून मुंबई खादी अँड व्हिलेज इंडस्ट्रीज असोसिएशन चालवत होती. पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळा-कचेऱ्यांची माणसं झेंड्यासाठी इथं येत. २०२२ च्या जानेवारीत खादी आयोगानं, अस्सल नसलेलं कापड खादी म्हणून विकल्याच्या कारणावरून, या संस्थेचं प्रमाणपत्र रद्द केल्याचं जाहीर केलं.

काळा घोड्याची इमारत टाटांकडे आहे. कचेऱ्यांबरोबर तिथं त्यांचंच वेस्टसाइड आलं, म्हणजे कपडे आणि घरसामान एका छताखाली. बांधणाऱ्यानं नेमकं याच कामासाठी ती बांधली होती. तिच्या उंच छताचा आणि मोकळ्या मजल्यांचा इतका सरळ वापर दुसऱ्या कुणी केला नसता.

सगळीकडे असं जमलं नाही. मद्रासच्या माउंट रोडवर 'स्पेन्सर' या अशाच साहेबी दुकानाची लाल विटांची, इंडो-सारसेनिक (देशी आणि विलायती वळणं मिसळणाऱ्या) धाटणीची इमारत १८९५ पासून उभी होती. १९८३ च्या आगीत ती गेली. जागा मोक्याची, पण जपायला काही उरलं नव्हतं. तिथं स्पेन्सर प्लाझा हा मॉल बांधला गेला. देशातल्या सुरुवातीच्या मॉलमध्ये तो गणला जातो.