कैलासाच्या पायथ्याची शिवण

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी घालताना मला हटकून ऑगस्टो गान्सर आठवतात. या स्विस भूवैज्ञानिकानेही एक प्रदक्षिणा घातली होती, १९३६ साली, कैलासाला. तिबेटात परक्यांना मज्जाव. पंचविशीतल्या गान्सर यांनी यात्रेकरूचा वेश केला, कुमाऊंतून खिंड ओलांडली आणि वाटेवर दगड निरखत, गोळा करत ते चालत राहिले.

दुरून एकसंध शिळा वाटणारा कैलास जवळून गोट्यांचा निघाला. नद्यांनी आणलेले गोटे आणि वाळू थरावर थर बसून घट्ट झालेली, जणू गोदेच्या पात्रातले गोटे कुणी सिमेंटात बसवलेत! पण खरा ठेवा दक्षिणेकडच्या पायथ्याशी होता. तिथले हिरवट-काळे खडक खोल समुद्रतळाचे आणि त्याच्याही खालचे होते. तेही साडेचार हजार मीटर उंचीवर.

हे कसं घडलं, ते समजायला आपल्या सह्याद्रीपासूनच सुरुवात करावी. ब्रह्मगिरी लाव्हाच्या थरांचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला, तेव्हा भारत आशियापासून सुटा होता आणि वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेकडे सरकत होता. मध्ये टेथिस समुद्र. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन्ही भूखंड भिडले, समुद्र मिटला आणि त्याच्या तळाचे तुकडे सांध्यात अडकले. गान्सर यांच्या हाती लागली ती ही शिवण. तिचा पुरता अर्थ उलगडला तो १९६० च्या दशकात, भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा, सिद्धांत आल्यावर.

पुढे ते तेलाच्या शोधात कोलंबिया, इराणला गेले, झुरिकला प्राध्यापक झाले, भूतानचे डोंगर पालथे घातले. डोंगरासमोर बसून त्यांनी रेखाटलेले थर पाहिले की हेवा वाटतो. २०१२ साली, १०१ व्या वर्षी ते गेले.

गेल्या श्रावणात फेरीच्या वाटेवर भाचीने एक काळा दगड उचलला. वाटाण्याएवढी भोकं, काहींत पांढरे स्फटिक. लाव्हात अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे, नंतर पाण्यातल्या खनिजांनी भरलेले.

“मामा, असा कैलासाला असेल?”

“तिथला वेगळा. हा तयार झाला तेव्हा आपल्या आणि त्याच्या मध्ये समुद्र होता.”

तिने तो ओढ्यात धुतला, पिशवीत टाकला आणि अनवाणीच पुढे निघाली.